दोन्ही दगड उजव्या हाताचे

रविवार, २ मार्च
दोन्ही दगड उजव्या हाताचे आहेत. आधी हे लिहून टाकतो, मग चहा.

सूनबाई, म्हणजे अनघा, ज्या खासगी संग्रहालयात काम करते तिथे आज घरच्यांना बोलावलं होतं. शनिवारी प्रदर्शन उघडतंय, जुन्या ग्रीक खेळाडूंचं आणि रोमन ग्लॅडिएटरांचं. मातीचा एक दिवा पाहिला, वर दोन ग्लॅडिएटर ढाली भिडवून उभे. अंगठ्याएवढी माणसं, पण पवित्रा असा की मिरजेची तालीम आठवली. शेजारी लिहिलंय, हे लोक जव आणि पावटे खाऊन मेहनत करायचे. इरा इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "आजोबा, सेम अ‍ॅज यू लाह." नातीला माझी ज्वारीची भाकरी दिसते, तालीम दिसत नाही.

मग ते दगड. ग्रीक गडी लांब उडी मारताना दोन्ही हातांत एकेक दगड धरून झोका घ्यायचे. बोटं नि अंगठा बसायला दगडात खाचा कोरलेल्या. अनघाने हातमोजे देऊन धरायला दिले, एका वेळी एकच. सगळ्यांनी उजव्या हातात धरले. मी डावखुरा. पहिला डाव्यात घेतला, अंगठ्याला जागाच नाही. दुसरा घेतला, तेच. उजव्यात दोन्ही कसे लोण्यासारखे बसले!

अनघाने पाटीवर लिहिलंय, 'जोडी'.

सोमवार, ३ मार्च
दगड अभयचे आहेत. इथेच ईस्ट कोस्ट भागात, महागड्या कॉन्डोत राहतो, जुन्या वस्तू जमवतो, आमच्याकडे येणंजाणं आहे. प्रदर्शनापुरते त्याने दिलेत. जोडी म्हटली की एक डावा, एक उजवा. नाहीतर दोन वेगळ्या जोड्यांतले, किंवा एकाच फोटोवरून कुणीतरी दोन घडवलेले. कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, ४ मार्च
अभय श्रीखंड घेऊन आला. विनाकारण श्रीखंड? विचारलं, "अभयराव, जोडी कुठून मिळाली?" म्हणाला, "काका, लंडनच्या एका लिलावात," आणि लगेच इराच्या परीक्षेकडे वळला. अतिशय गोड बोलतो. साखर जास्त झाली की मी डबा हुंगून बघतो.

श्रीखंड मात्र चांगलं होतं. दोनदा घेतलं.

बुधवार, ५ मार्च
रोहनला सांगितलं. मुलगा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "बाबा, अनघाला हे काम अभयच्या ओळखीने मिळालं. पुढच्या महिन्यात तिचा इथे नोकरी करायचा पास रिन्यू व्हायचाय. तुम्ही दगडांकडे बघू नका, पार्कात फिरायला जा."

गेलो. पासिर रिसच्या समुद्राकडेला दोन फेऱ्या मारल्या. डोक्यात एकच: पोरीच्या भोळेपणाचा फायदा घेतोय हा. तिच्या हाताने 'जोडी' लिहून घेतली. उद्या कुणी शहाणा उठला, तर पाटी तिची, नाव तिचं, नाचक्की तिची. अभय नामानिराळा.

संध्याकाळी अनघा फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी आत गेलो तशी थांबली. धमकावतोय की काय?

गुरुवार, ६ मार्च
अभयला खाली कॉफीला बोलावलं आणि सरळ विचारलं. म्हटलं, तोंडावर बोललेलं बरं, पाठीमागे बोलून जीभ कडू कशाला करायची.

त्याचा कप हातातच राहिला. "दोन्ही उजवे? काका, मला कळत नाही त्यातलं. मी हौशी माणूस. म्हणून तर अनघाला म्हटलं, खोट असेल तर आधी मला सांग, मी काढून घेतो. तिने लेखी दिलंय, सगळं ठीक आहे म्हणून."

मोबाइलमध्ये पत्र दाखवलं. तारीख १० फेब्रुवारी. खाली सही अनघाची.

मी दुसरी कॉफी मागवली. प्यायलो नाही.

शुक्रवार, ७ मार्च
सकाळी ती डबा भरत होती. म्हटलं, "अनघा, ते दगड."

झाकण लावायची थांबली. "पेटी उघडली त्याच दिवशी कळलं होतं, बाबा. पण तेव्हा पोस्टर छापून झाली होती, दगडांचाच फोटो. मीच सुचवला होता. चूक माझी असं म्हटलं असतं तर पासचं काय झालं असतं? वाटलं, काचेआड गेले की कोण हातात घेतंय."

"मग रविवारी आम्हाला का दिलेस हातात?"

"माहीत नाही," म्हणाली. डोळे भरले होते.

मी खुर्ची पुढे ओढून दिली. ती बसली, फोन काढला, अभयचा नंबर लावला. मी इथे आत येऊन लिहितोय. दार उघडंच ठेवलंय.

"अभयदादा, मी खोटं लिहून दिलं होतं," म्हणतेय.