अर्थशास्त्राची पंधरा पानं

आई,

शाळेत निघालेय. काल भोंग्यासारखं ओरडून तुला आळशी म्हणाले, चुकलं माझं. तुझ्या बीएच्या असाइनमेंट आज पाचच्या आत द्यायच्या आणि तू हातसुद्धा लावेनास, म्हणून डोकं फिरलं. इतिहास, समाजशास्त्र तर कधीचं तयार! मग अर्थशास्त्राची फाइल उघडली आणि कळलं. पंधराच्या पंधरा पानं दादाच्या अक्षरात. कपड्यांच्या घड्या घालता घालता तू सांगायचीस, तो लिहायचा. दिलेली पानं विद्यापीठ परत करत नाही, आणि दादाचं अक्षर आता आपल्याला कुठून मिळणार?

म्हणून पहाटे उठून सगळं मी उतरवून काढलं. माझं अक्षर बघून सर घाबरतील, पण आलेख एकदम झकास आलेत हं! माझी पानं फाइलला लावलीत, दादाची कपाटात तुझ्या कपड्यांखाली ठेवलीत. आता बिनधास्त देऊन ये. एकटी जाऊ नकोस, बाबांना ने.

नवव्या पानाच्या समासात त्याने पेन्सिलीने लिहिलंय, ‘इथे आईला डुलकी लागली. आवाज न करता थांबलोय.’ तेवढं मी उतरवलं नाही.

तुझा भोंगा