छातीतली झडप कोणाची

मी, या गल्लीतला सुतार, वय एकोणपन्नास, कोणाचाही दबाव नसताना आणि डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शिक्षण गावच्या शाळेत झालं आहे, भाषा सांभाळून घ्यावी.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. दुकान, रंधे, पटाश्या आणि करवती मुलीच्या. तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. साडूने नेलेलं ड्रिल मशीन त्याच्याकडेच राहू द्यावं. मागून मागून माझी जीभ थकली. राग उरलेला नाही, थोडासाच आहे.

उरली माझ्या हृदयातली कृत्रिम झडप. ऐन पंचविशीत माझी मूळची झडप निकामी झाली, तेव्हा शहरातल्या विद्यापीठाने ही बसवली. हे विद्यापीठ भाड्याच्या दोन खोल्यांत, गुरांच्या रोगावर लस शोधत सुरू झालं. पुढे तिथले डॉक्टर आणि यंत्रशाळेतली माणसं एका टेबलाशी बसली आणि त्यांनी झडप घडवली. पहिले तीन नमुने चाचणीतच तडकले. ते तिथे काचेच्या कपाटात, का तडकले ते लिहून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे मांडले आहेत. मी आजवर माझ्या चुका लाकडाच्या फटींत लांबी भरून पॉलिशखाली दडवल्या. त्या कपाटापुढे माझे हात आपोआप जोडले गेले. चौथा नमुना माझ्या छातीत आहे. मुलीचा जन्मही त्यानंतरचा. देवाने त्या माणसांच्या हातून मला आयुष्य दिलं, असं मी मानतो.

मागच्या तपासणीला तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुमच्या पश्चात झडप आम्हाला मिळेल का? इतकी वर्षं चाललेली झडप कशी झिजते, हे कापून पाहिल्याशिवाय कळत नाही. पुढची त्यावरूनच सुधारू."

मी लगेच हो म्हणालो. घरी पत्नी भडकली.

"अहो, परस्पर हो म्हणणारे तुम्ही कोण? तिची टिकटिक ऐकत मी झोपते. तुम्ही थाप मारलीत की ती वाढते, म्हणून तर संसार धड चाललाय! ते तुकडे करणार. मग मला काय राहणार?"

तिचं म्हणणं मला पटलं. म्हणून ही झडप मी तिच्याच नावे करतो. तिने ती विद्यापीठाला द्यावी ही माझी विनंती आहे, हुकूम नाही.

एवढं वाचून दाखवल्यावर पत्नीने विचारलं,

"पुढची कोणाला बसवतील?"

"असेल कोणी पंचविशीतला."

"लग्न झालेला?"

"मला काय माहीत!"

"नसेल झालं तर होईल. द्या. पण तुम्ही दिलीत असं नाही, मी दिली असं लिहा."

तसं लिहिलं आहे.

सही: सुतार
संमती आणि दान: पत्नी
साक्षीदार: १. शेजारचे शिंपी २. घरचे डॉक्टर, लिहिणाऱ्याचं मन स्वस्थ असल्याची खात्री करून
ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर