पीळ चुकलेली शाल

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार.

आईने क्रोशाने विणलेली शाल पोचली. छान उबदार आहे. मी बरी आहे, खोकलाही गेला. तुमचा गुडघा काय म्हणतो?

एक विचारायचंय. हा चटईसारखा पीळ आईनेच मला शिकवला. दोन खांब, म्हणजे उभे टाके, सोडायचे, पुढचे दोन आधी घालायचे, मग मागे येऊन सोडलेले घालायचे. अर्ध्या शालीपर्यंत पीळ कसे घट्ट बसलेत! पुढे मात्र आई सोडलेल्या खांबांकडे मागे आलेलीच नाही. तिथे नुसती भोकं आहेत. शेवटचा टाका तर उघडाच होता. लोकर जरा ओढली गेली असती, तर सगळी शाल उसवली असती. मी पिन लावून ठेवलीय.

माझा एक टाका चुकला तरी अख्खी ओळ उसवायला लावणारी बाई ती! आणि तुम्ही लिहिता, ‘आई ठणठणीत आहे.’ फोनवर ती मला मावशीच्या नावाने हाक मारते, तेही तुम्ही हसण्यावारी नेता.

आता लपवू नका, बाबा. मी रजा टाकलीय. दार उघडून तिने ‘कोण पाहिजे?’ म्हणून विचारलं, तर काय सांगू, तेवढं आधी कळवा.

तुमची,
धाकटी