बासष्ट मुलांचा गाळा

बाई, मी क्लास काढतेय. हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तुमचं ते नाकातलं हसू ऐकायला मिळालं तर बरंच आहे. वाघोलीत आमच्या सोसायटीच्या खालीच एक गाळा भाड्याने मिळतोय. त्याच रिकाम्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून हे लिहितेय. कंपनीचा माणूस काचेचं माप घ्यायला तीनला येणार होता, साडेचार होत आले. चार वेळा उठून रस्त्यावर बघून आले. क्लास तसा माझा नाहीच म्हणा. नाव कंपनीचं, पुस्तकं कंपनीची, भिंतीचा पिवळासुद्धा त्यांनी दिलेल्या नंबराचा. माझे फक्त पैसे. हिंजवडीची नोकरी गेली, बाई. ज्या नोकरीसाठी तुमची शिकवणी सोडून पळाले होते, तीच.

चार लाख नुसते त्यांचं नाव लावायचे, ते परत मिळत नाहीत. मग गाळ्याचं डिपॉझिट, पाटी, टेबलं-खुर्च्या, त्याही त्यांच्याच माणसाकडून घ्यायच्या. असं करत करत आकडा अठरावर गेला. सहा माझ्याकडे होते, बारा बँक देतेय, राहता फ्लॅट तारण ठेवून. शिवाय दर मुलामागे दर महिन्याला कंपनीचा वाटा, तो वेगळाच. नवरा म्हणतो, "अगं, तुला शिकवायला आवडतं ना? मग कर की." भला माणूस आहे. पण अर्जावर त्याचीही सही लागली, तेव्हा पेन उघडून त्याने दोनदा विचारलं, "नक्की ना?" कंपनीच्या तक्त्याप्रमाणे बासष्ट मुलं आली की हप्ता आणि भाडं सुटतं. माझ्या हातात काही पडायचं ते त्रेसष्टाव्यापासून. नाही आली, तर दहावीतल्या मुलीला घेऊन आम्ही कुठे जायचं हे त्या तक्त्यात नाही.

तुमच्याकडे चौदा होती. सदाशिव पेठेतल्या त्या स्वयंपाकघरात पंधरावं मावतच नव्हतं. कुणी फारच गळ घातली तर म्हणायचात, "जागा नाही. पुढच्या वर्षी या, तोवर पाढे पाठ करा." जो लवकर येईल त्याने मेथी निवडायची. एकदा एका मुलीची आई तणतणत आली, "आम्ही शिकायला पाठवतो की भाजी निवडायला?" तुम्ही कढईतलं लक्ष न काढता म्हणालात, "तिला दोन्ही येत नाही." ती आई गारच पडली. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी आली. हा खेळ आता करून बघायची माझी टाप नाही. आता पालक मोबाईलवर तारे देतात, पाचातले किती ते.

कंपनीचं ट्रेनिंग हॉटेलात होतं. शिकवणारा पोरगा माझ्या निम्म्या वयाचा, अतिशय नम्र. तो म्हणतो, "मॅम, मी सात वर्षांचा मुलगा आहे, मला आठ आणि सात येत नाही. करा गाइड." मी त्याच्याकडे बघते आणि गप्प बसते. तुमच्यासारखीच, हात मांडीवर ठेवून. तो घड्याळ बघतो. "मॅम, इतका गॅप नको. काचेपलीकडे पालक बसलेले असतात, त्यांना वाटेल काही चाललंच नाहीये." सगळे हसतात, मीही हसते. खरं सांगू? मला त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. कारण मला तो दिवस आठवला. मी नवी नवी, तुमच्या हाताखाली शिकवत होते. एक मुलगी भागाकारावर अडून बसलेली, पेन्सिल चावत होती. मला राहवेना, मी उत्तर सांगून टाकलं. तिचा चेहरा उजळला आणि तुमचा पडला. मुलं गेल्यावर तुम्ही म्हणालात, "घाई तुला होती. तिला नव्हती." किती लागलं होतं मला! पोळी वाढलीत तीही खाल्ली नाही.

उद्या अकराला करारावर सही. पाच वर्षं मधे सोडता येत नाही. तिथे मूल अडलं तर थांबून बसता येणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे, आणि तरी मी सही करणार आहे. दुसरं काय करू, सांगा ना! पंचेचाळिसाव्या वर्षी मला कोण नोकरी देतंय?

एक सांगायचं राहिलं. बँकेच्या अर्जात शिकवण्याचा अनुभव विचारला होता. मी तुमच्याकडे आठ महिने होते. तुमचं नाव घालून आठ वर्षं लिहिलं. बँकेतले साहेब म्हणाले, "छान. त्यांचा नंबर द्या, एक फोन करून घेतो." मी म्हटलं, "त्या आता नाहीत." ते हळहळले, "अरेरे, सॉरी हं," आणि त्यांनी शिक्का मारला. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. बाई, त्या क्षणी तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं.