उजवीकडून आलेल्या झिर्बेसबाई

३ मार्च, शुक्रवार
ईस्टरपूर्वीच्या उपवासाचा दहावा दिवस. यंदा बिअर सोडली नाही, कटू बोलणं सोडलं. ईस्टरपर्यंत कोणाबद्दल वाईट शब्द नाही. तोंडात नाही, या वहीतही नाही. मेख्टिल्ड म्हणाली, बिअर सोडली असतीस तर सोपं गेलं असतं. बायको आहे, काही बोललो नाही.

करडी गाडी तपासणीत नापास. महिनाअखेरपर्यंतच चालवता येईल. एकोणतीस वर्षांत एकही अपघात नाही. किती जणांना असं म्हणता येईल? उद्या श्रुफच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात तांबड्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह. ती साडेअकरा हजार युरोंची, माझी शिल्लक बारा हजार. देवाने हिशेब जुळवून दिलाय.

४ मार्च, शनिवार, दुपारी ३
अपघात. माझी चूक नाही.

श्रुफने चार पानी कागद पुढे केला. वाचला नाही, माणसाने माणसावर विश्वास ठेवावा. सही केली. तो हमरस्त्याने जा म्हणाला होता, मी गाडी आमच्या गावात नेली. चर्चच्या रस्त्यावर, दगडी क्रूसापाशी, उजवीकडच्या गल्लीतून गावातल्याच झिर्बेसबाई गाडी घेऊन आल्या आणि सरळ माझ्या गाडीच्या उजव्या दारावर. मी तिथून भिंतीवर.

मला लागलं नाही, देवाची कृपा. झिर्बेसबाईंनाही लागलं नाही. तीही कृपाच म्हणायची.

५ मार्च, रविवार
प्रार्थनेला गेलो. झिर्बेसबाई पुढच्या बाकावर, मानेला काहीही बांधलेलं नाही. वय शहात्तर. त्यांच्या डोळ्यांसाठी प्रार्थना केली, मनापासून. बाहेर पडताना नजर वळवली. वाईट शब्द काढलेला नाही.

९ मार्च, गुरुवार
श्रुफकडे गेलो. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. तो शांतपणे बोलला.

त्याचं म्हणणं असं. झिर्बेसबाईंच्या गाडीचं नुकसान दुकानाचा विमा देणार, त्याची काळजी नको. तांबड्या गाडीची दुरुस्ती नऊ हजारांची. साधी चूक असेल तर मी एक हजार द्यायचे, बाकी विमा कंपनी. पण घोर बेपर्वाई ठरली तर कंपनी सगळे नऊ हजार माझ्याकडून वसूल करणार. दुसऱ्या पानावर लिहिलंय म्हणाला. पान उघडून बोट ठेवलं. बोटाला ग्रीस.

विचारलं, तुम्ही शेजारी का बसला नाहीत? म्हणाला, "तुम्हीच म्हणालात, एकोणतीस वर्षं चालवतोय, मला दाई लागत नाही."

असल्या माणसाविषयी मी काहीही लिहिणार नाही. त्याला उपरती होवो. उपरतीसाठी थोडा त्रास लागत असेल, तर ती वरच्याची मर्जी.

१४ मार्च, मंगळवार
उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम मलाही पाठ आहे. पण नियमाच्या आधी रीत असते. क्रूसासमोरून जाताना मी टोपी काढतो, डोळे मिटतो, अर्धी प्रार्थना म्हणतो. अर्धीच. बाबा बैलगाडीवरून जाताना पूर्ण म्हणायचे. इतक्या वर्षांत त्या चौकात कोणी आडवं आलेलं नाही. झिर्बेसबाईंनाच काय झालं?

मेख्टिल्ड म्हणाली, त्यांनाच विचार. गेलो. त्या बटाटे सोलत होत्या. बस म्हणाल्या नाहीत.

"हुबर्ट, तुझी करडी गाडी दिसली की अख्खं गाव ब्रेक मारतं," म्हणाल्या. "पोस्टवाला थांबतो. दुधाचा टँकरसुद्धा थांबतो. आंधळा आला, म्हणतात. ती तांबडी कोणाची, मला काय ठाऊक?"

उलट बोललो नाही. नमस्कार करून निघालो. दार जोरात लागलं, ते वाऱ्याने.

रात्री विचार केला. म्हातारीने रागाच्या भरात माझीच बाजू मांडली. गाव मला वाट देतं, म्हणजे चौक माझा आहे. विमा कंपनीला हे कळलंच पाहिजे.

१६ मार्च, गुरुवार
पत्र टाकलं. तीन पानं, शुद्ध भाषा. काहीही लपवलं नाही. डोळे किती वेळ मिटतो तेही लिहिलं: चार सेकंद, घड्याळ लावून मोजलं. हे सवयीने होतं, बेपर्वाईने नाही, हा मुद्दा अधोरेखित केला. साक्षीदार म्हणून पोस्टवाल्याचं नाव दिलं. फादरची शिफारस मागितली होती, त्यांनी पत्र वाचलं, परत दिलं आणि म्हणाले, "हुबर्ट, हे पाठवू नकोस."

फादर अजून तरुण आहेत. श्रद्धा मुरायला वेळ लागतो.

मेख्टिल्डला वाचून दाखवलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. भरून आलं असावं.

३१ मार्च, शुक्रवार
कंपनीचं उत्तर. पहिल्याच ओळीत माझ्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. पुढे: अनोळखी गाडीत, चौकाच्या तोंडाशी, चार सेकंद डोळे मिटून, आणि तेही एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. याहून स्पष्ट घोर बेपर्वाई आमच्या पाहण्यात नाही. नऊ हजार, तीस दिवसांत. सोबत माझ्याच पत्राची प्रत, चार सेकंदांखाली त्यांची रेघ.

श्रुफ, झिर्बेसबाई, कंपनीतली ती सही करणारी बाई आणि फादर, ज्यांनी पुरेसं अडवलं नाही, यांच्याबद्दल मनात येईल ते इथे लिहिणार होतो. पान फाडलं. मग दुसरं लिहिलं. तेही फाडलं. ईस्टरला अजून नऊ दिवस.

करडी गाडी आज भंगारात गेली. ओढून नेताना वाटेत कोणी थांबलं नाही.

१२ एप्रिल, बुधवार, सकाळी ६.४०
कारखान्यात कामाला जायला आता बस. ड्रायव्हरने विचारलं, पाहुणे का? म्हटलं, जन्मापासून इथलाच.

एकच जागा रिकामी होती. शेजारी झिर्बेसबाई. त्यांची गाडीही मोडीतच गेली, आणि या वयात नवी घ्यायची नाही म्हणतात. मी टोपी काढली. त्यांनी पिशवी उचलून त्या जागेवर ठेवली.

कारखान्यापर्यंत उभा.