दोरीचं दुसरं टोक

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांच्या अबोल्यानंतर ताईचं पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. पडलाय तो फक्त माझ्या बाजूचा छज्जा, तोही खाली कुणी नसताना. पण त्यापायी मला जे कळलंय ना, ते कधी एकदा तुला सांगते असं झालंय!

आपली मनी मांजर आठवते? बेकरीच्या छज्ज्यावर चढायची आणि कुठेही उडी न मारता थेट औषधवाल्यापर्यंत चालत जायची. आपल्याला वाटायचं, अख्खी गल्ली एकाच गवंड्याने बांधली. अरे, कुठलं काय! बावीस घरं, बावीस मालक, साठ वर्षांत एकेक करून उभी राहिलेली. छज्जा पुन्हा बांधायच्या परवानगीसाठी नगरपालिकेत गेले, तर कारकुनाने जुनं नियमांचं पुस्तकच काढलं. खिडक्या एका ओळीत, छज्जा शेजारच्याच्या पातळीत. आणि पातळी घ्यायची दोरी ताणून, दुसरं टोक शेजारच्या मालकाने स्वतः धरून! मी तिथेच मोठ्यांदा हसले. कारकून बिचारा चष्म्यावरून बघत राहिला.

कारण मला बाबा आणि शेजारचे घड्याळवाले काका आठवले. गटारावरून भांडण, वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मग बाबांनी वरचा मजला चढवला, आणि एका सकाळी दोघे दोन शिड्यांवर, मध्ये दोरी. अर्धा तास नुसतं जरा वर, जरा खाली. उतरल्यावर काका सरळ आपल्या स्वयंपाकघरात चहाला! आपण दोघं चाट पडलो होतो. आत्ता कळलं, बाबांचा नाइलाज होता. या गल्लीत न बोलता घर बांधताच येत नव्हतं.

माझी बाजू कोपऱ्याची, म्हणजे शेजारचा मालक एकटा तू, परगावी राहत असलास तरी. इंजिनिअर म्हणतो, आता यंत्राने पातळी घेतात, तू फॉर्म सही करून पोस्टाने पाठवलास तरी भागेल. तो फॉर्म मी पाकिटात घातलेला नाही, मुद्दाम. घराची वाटणी झाली तेव्हा जिन्यात मी तुला परका म्हणाले. चुकलं रे माझं. जुना नियम अजून रद्द झालेला नाही, मी दोनदा विचारून आले. दोरी आणून ठेवलीय. गवंड्याला तारीख दिलेली नाही, ती तू कळव. तोवर माझं घर असंच उघडं राहील.

तुझीच हट्टी,
ताई