अक्कांची पोटरी

मंगळवार, संध्याकाळचे सात. जयनगर.

निपाणीकडच्या अक्का वाचल्या, आयसीयूत आहेत. तरी ती पोटरी माझ्या डोक्यातून जात नाही.

खुब्याचं हाड मोडून चार दिवस अंथरुणात होत्या. नर्सशी कानडीत बोलत होत्या. मी भूल द्यायला गेले तेव्हा मला मात्र मराठीत म्हणाल्या, "पोरी, पोटरी लई भरून आलीया बघ." बंगळुरात आपल्याकडचं असं कोण बोलतं? आई शाळेत दिवसभर उभी राहून शिकवून आली की हेच म्हणायची, आणि मी तिच्या पोटऱ्या दाबत बसायचे. हसत हसत अक्कांचीही दाबून दिली. घरी गेल्यासारखं वाटलं. पायात रक्ताची गाठ असेल तर पोटरी दाबू नये, ती सुटते, हे विद्यार्थ्यांना मीच शिकवते ना? सूज बघायची सोडून गावच्या गप्पा!

ऑपरेशन अर्ध्यावर असताना पडद्यावरचा उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा एकदम निम्म्यावर आला, मग बीपी कोसळलं. "थांबा, फुप्फुसात गाठ गेलीय," मी ओरडले. सर्जननी भराभर आवरतं घेतलं, मी बीपी सावरलं. जखम बंद झाल्यावर रक्त पातळ करायचं औषध. सगळे म्हणाले, वेळेवर ओळखलंत.

वेळेवर! गाठ पायातून सुटली असणार, एवढं सर्जनना सांगितलं. मी पोटरी दाबली होती, हे नाही.

निघताना अक्कांपाशी गेले. तोंडात नळी, बोलता येईना. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच पायाकडे नेला. पुन्हा दाब, म्हणत होत्या.